वाचलेल्या पुस्तकांची वही
(संस्थेच्या वार्षिक समारंभातील भाषण)



संस्थेच्या वार्षिक अहवालाचे वाचन आपण सर्वांनी नुकतेच ऐकले. दहावीला किती विद्यार्थी बसले, त्यांपैकी किती उत्तीर्ण झाले, कोणाला किती टक्के गुण मिळाले, इमारत निधीत किती रक्कम जमा झाली, हे सर्व त्यात आले आहे. हे आकडे हवेतच. ज्या समाजात शाळेचा उंबरठा ओलांडणारी पहिलीच पिढी अजून घरोघर भेटते, तेथे प्रत्येक उत्तीर्ण मुलामुलीचा आनंद मानलाच पाहिजे. पण एक आकडा कोणत्याही अहवालात येत नाही. तो तुमच्याजवळच असू शकतो. गेल्या बारा महिन्यांत, क्रमिक पुस्तके, गाईडे आणि प्रश्नसंच सोडून, तुम्ही कोणती पुस्तके वाचलीत?

मनातल्या मनात मोजून पाहा. पुष्कळांना दोन नावे आठवतील, काहींना पाच. एखाद्याने खरोखर वीस पुस्तके वाचली असतील. पण त्यालाही सातआठांच्या पुढे नावे सांगता येणार नाहीत. लेखकाचे नाव विचारले तर आणखी गडबड होईल. "ते निळ्या कव्हरचे, समुद्रावरचे पुस्तक" एवढेच उरेल. ‘वाचा’ या आदेशाचा उल्लेख आपल्या प्रत्येक समारंभात होतो आणि तो ऐकून आपल्याला अभिमानही वाटतो. पण वाचले काय, याचा हिशेब आपल्यापैकी फार थोडे लोक ठेवतात. आज मी तुमच्यापुढे कोणताही मोठा सिद्धान्त मांडणार नाही. शंभर पानांची एक साधी वही घ्या आणि तिच्यात वाचलेल्या पुस्तकांची यादी ठेवा, एवढेच माझे सांगणे आहे.

आपल्या घरांत याद्या नसतात असे मुळीच नाही. वाण्याच्या उधारीची वही असते. दुधाचा हिशेब कॅलेंडरावर असतो. लग्नात कोणी काय आहेर केला, याची वही तर तीस-तीस वर्षे पेटीत जपलेली असते; कारण ज्याने दिले त्याच्या घरी कार्य निघाले की आपल्यालाही द्यायचे असते. मग ज्या पुस्तकाने आपल्याला काही दिले, ते पुस्तक, त्याचा लेखक आणि ते आपल्या हाती देणारा माणूस यांची नोंद एका ओळीतही असू नये काय? पुस्तक हाही एक आहेरच आहे, आणि त्याचीही परतफेड करायची असते. ती कशी करायची, ते पुढे सांगतो.

‘यादी’ हा शब्द आपण मराठीत रोज वापरतो. त्याच्या पोटात फारसीतला ‘याद’ म्हणजे आठवण हा शब्द बसलेला आहे. उर्दूत आपण ‘फेहरिस्त’ म्हणतो. जुन्या मराठी कागदपत्रांत तोच शब्द ‘फेरिस्त’ असा येतो. याच नावाचा एक ग्रंथ बगदाद शहरात हिजरी सन ३७७ मध्ये, म्हणजे इसवी सन ९८७-८८ च्या सुमारास तयार झाला. त्याचा कर्ता इब्न अल-नदीम. पुस्तकांच्या नकला करून विकणे हा त्याचा धंदा होता. अरबी भाषेत ज्या-ज्या विषयांवर पुस्तके झाली, त्यांची नावे, त्यांचे लेखक आणि लेखकांची थोडी माहिती त्याने दहा भागांत लिहून ठेवली. पुढे युद्धांत आणि आगींत त्यांतली असंख्य पुस्तके नाहीशी झाली. आज त्यांतल्या कित्येकांचे अस्तित्व जगाला माहीत आहे ते केवळ या यादीत त्यांचे नाव आहे म्हणून. एका दुकानदाराच्या यादीने एवढे काम केले.

दुसरे उदाहरण आपल्या विषयाला अधिक जवळचे आहे. स्पेनमधील सेव्हिल शहराचे विद्वान इब्न खैर इसवी सन ११७९ मध्ये वारले. त्यांनी स्वतः अभ्यासलेल्या ग्रंथांची यादी केली, आणि तिच्यात हजाराहून अधिक ग्रंथ आहेत. केवळ नावे लिहून ते थांबले नाहीत. अमुक ग्रंथ मी अमुक गुरूंकडे वाचला, त्यांनी तो अमुकांकडे वाचला होता, असे थेट मूळ लेखकापर्यंत त्यांनी लिहून ठेवले. त्या काळी अनेक विद्वान अशी यादी करीत. आपण काय शिकलो यासोबत कोणाकडून शिकलो, हेही सांगणे ते आपले कर्तव्य मानीत. त्यात प्रामाणिकपणा होता आणि कृतज्ञताही होती.

आपल्या महाराष्ट्रातही असे काम झाले आहे. शंकर गणेश दाते या सूचिकारांनी इ. स. १८०० ते १९३७ या काळातील मराठी पुस्तकांची ‘मराठी ग्रंथसूची’ तयार केली आणि दुसऱ्या भागात ती १९५० पर्यंत आणली. मराठीत कोणती पुस्तके छापली गेली हे ज्याला शोधायचे आहे, त्याला आजही दाते यांच्या सूचीपाशी यावे लागते. एका माणसाची चिकाटी एका भाषेला अशी उपयोगी पडली. तुमची वही एवढी मोठी होणार नाही, आणि व्हायचे कारणही नाही. ती तुमच्या घराला उपयोगी पडली तरी पुष्कळ झाले.

आता प्रत्यक्ष वही कशी ठेवावी ते सांगतो. पान आडवे धरा आणि रकाने आखा. पहिल्या रकान्यात अनुक्रमांक. दुसऱ्यात पुस्तकाचे नाव. तिसऱ्यात लेखक, पुस्तक अनुवादित असेल तर अनुवादकाचेही नाव, कारण त्याच्या श्रमाशिवाय ते तुमच्यापर्यंत पोचले नसते. चौथ्यात भाषा. पाचव्यात पुस्तक कोठून मिळाले: शाळेच्या वाचनालयातून, मामूंकडून, मैत्रिणीकडून की रद्दीच्या दुकानातून. सहाव्यात सुरू केल्याची आणि संपवल्याची तारीख. आणि शेवटी, पुस्तक मिटून ठेवल्यावर त्याच्याविषयी स्वतःच्या शब्दांत दोन वाक्ये.

ही दोन वाक्ये फार महत्त्वाची आहेत. ती का, हे समजण्यासाठी इमाम गझाली (१०५८–११११) यांची एक गोष्ट ऐका. त्यांच्या चरित्रांत ती येते. तरुणपणी ते जुर्जान येथे शिकून आपल्या तूस गावी परत येत होते. वाटेत दरोडेखोरांनी काफिला लुटला आणि त्यांच्या टिपणांची थैलीही नेली. गझाली त्यांच्या मागे गेले आणि म्हणाले, बाकी सर्व ठेवा, तेवढी टिपणे परत द्या. माझे सर्व ज्ञान त्यात आहे. दरोडेखोरांचा म्होरक्या हसला. थैली गेली म्हणून ज्याचे ज्ञान गेले, त्याने ज्ञान मिळवले असे कसे म्हणायचे, असे त्याने विचारले आणि थैली परत केली. गझालींना तो प्रश्न लागला. घरी येऊन त्यांनी तीन वर्षे घालवली आणि सर्व टिपणे मुखोद्गत केली.

तेव्हा वहीत नाव लिहिले म्हणजे पुस्तक आपले झाले, असे समजू नका. दोन वाक्ये पुस्तक न उघडता लिहिता आली तर काहीतरी पदरात पडले म्हणा. लिहिता आली नाहीत तर तसेच स्वच्छ लिहा: "काही लक्षात राहिले नाही." वही ही तुमची स्वतःची आहे. तिच्यात खोटे लिहून फसवणार कोणाला?

याच कारणासाठी अर्धवट सोडलेली पुस्तकेही लिहा. "साठ पानांनंतर सोडले, भाषा कठीण वाटली," अशी नोंद करण्यात कसलीही शरम नाही. दोन वर्षांनी तेच पुस्तक पुन्हा हाती घ्याल आणि सहज वाचून जाल, तेव्हा आपण किती पुढे आलो हे तुम्हाला त्या नोंदीवरून कळेल. दुसऱ्यांदा वाचलेले पुस्तकही पुन्हा लिहा. बुखाऱ्याच्या इब्न सिना यांनी (९८०–१०३७) आपल्या आत्मकथनात सांगितले आहे की, अ‍ॅरिस्टॉटलचा ‘मेटाफिजिक्स’ हा ग्रंथ त्यांनी चाळीस वेळा वाचला, तो पाठ झाला, तरी अर्थ कळेना. मग एके दिवशी बाजारात एक पुस्तक विकायला आले. त्यांना ते नको होते. विकणाऱ्याला पैशाची गरज आहे म्हणून, आग्रहाखातर, तीन दिरहमांना घेतले. ते अल-फाराबी यांचे त्याच ग्रंथावरचे लेखन निघाले, आणि घरी येऊन वाचताच सर्व उलगडा झाला. दुसऱ्या दिवशी त्यांनी गरिबांना दानधर्म केला. पुढे बुखाऱ्याच्या सुलतानाच्या ग्रंथालयात प्रवेश मिळाला, तेव्हा त्यांनी प्रथम तेथील जुन्या ग्रंथांची यादी पाहिली आणि तिच्यावरून हवी ती पुस्तके मागून घेतली. एका पुस्तकाची किल्ली दुसऱ्या पुस्तकात असते. तुमच्या वहीत ‘कोठून मिळाले’ आणि ‘यावरून आता काय वाचायचे’ ही नोंद असेल, तर तुम्हालाही ती किल्ली सापडेल.

वर्षअखेरीस सर्व पाने एकदा चाळा. वाचनालयात पुस्तके विषयवार लावलेली असतात, हे तुम्ही पाहिले असेल. अमेरिकेतील मेल्विल ड्युई यांनी १८७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत ज्ञानाचे दहा वर्ग आहेत: सामान्य ज्ञान, तत्त्वज्ञान, धर्म, सामाजिक शास्त्रे, भाषा, विज्ञान, तंत्रविद्या, कला, साहित्य आणि इतिहास-भूगोल. तुमच्या वहीतील पुस्तके या दहा वर्गांत वाटून पाहा. कोणाची सर्व पुस्तके कादंबऱ्यांची निघतील, कोणाची केवळ धार्मिक, कोणाची केवळ परीक्षेच्या उपयोगाची. विज्ञानाचे घर बहुतेकांचे रिकामे असेल. भाषेचा रकानाही पाहा. घरात उर्दू किंवा दखनी, बाजारात मराठी, टीव्हीवर हिंदी आणि नोकरीसाठी इंग्रजी, असे आपल्यापैकी पुष्कळांचे जीवन आहे. हे आपले वैभव आहे. पण वाचायला बसलो की चारांपैकी तीन भाषा आपण सोडून देतो. उर्दू माध्यमातील मुलाने वर्षाला चार तरी मराठी पुस्तके वाचावीत. मराठी माध्यमातील मुलीने उर्दू लिपी सोडू नये. कोणीही न ओरडता वही हे दाखवून देते.

आता दुसऱ्या यादीविषयी. वहीची शेवटची दोन पाने ‘आवडती पुस्तके’ म्हणून राखून ठेवा. तिच्यात दहाच नावे असू द्या. अकरावे आवडले तर एक काढावे लागेल, आणि कोणते काढायचे याचा विचार करताना आपल्याला काय आवडते व का आवडते, हे कळू लागेल. जुनी यादी खोडू नका. दरवर्षी नवी लिहा. मोठ्या लोकांनी नावाजले म्हणून एखादे पुस्तक या पानावर बसवू नका. तुम्हाला चांदण्यांवरचे एखादे छोटेसे पुस्तक आवडले असेल, तर तेच लिहा.

आवडत्या पुस्तकांची यादी दुसऱ्यासाठी असते. गांधीजींनी १९०९ मध्ये ‘हिंद स्वराज’ लिहिले, तेव्हा शेवटी वाचकांनी पुढे वाचावीत अशा वीस पुस्तकांची नावे दिली. टॉलस्टॉय, रस्किन, थोरो, प्लेटो यांच्याबरोबर दादाभाई नौरोजी आणि रमेशचंद्र दत्त यांचीही पुस्तके त्यात आहेत. ज्या पुस्तकांनी आपल्याला घडवले, त्यांची वाट दुसऱ्यालाही दाखवावी, हा त्यामागचा हेतू. मघाशी आहेराच्या परतफेडीविषयी बोललो, ती हीच. तुमच्या पाठच्या भावाला किंवा बहिणीला तुमच्या दहा पुस्तकांची यादी मिळाली, तर त्याला अंधारात चाचपडावे लागणार नाही. सुशिक्षित घरांत हे आपोआप होते. वडील, आजोबा, काका कोणीतरी सांगतात की हे वाच, ते वाच. ज्या घरात असे सांगणारे कोणी नाही, तेथे पहिल्या वाचकाची वही हीच पुढच्यांची वडीलधारी होते.

गांधीजींचीच आणखी एक गोष्ट सांगतो. १९२२ मध्ये त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि पुण्याच्या येरवडा तुरुंगात ठेवले गेले. फेब्रुवारी १९२४ मध्ये त्यांची सुटका झाली. तुरुंगातील १९२३ सालची त्यांची रोजनिशी उपलब्ध आहे. तिच्यात कोणते पुस्तक केव्हा वाचून संपवले, अशा नोंदी आहेत. तेथे त्यांनी उर्दूचा अभ्यास केला, आणि मौलाना शिबली यांनी लिहिलेले पैगंबरसाहेबांचे चरित्रही वाचले. साऱ्या देशाचा भार ज्याच्या डोक्यावर होता, त्या माणसाला वाचलेल्या पुस्तकाची नोंद करायला वेळ मिळत होता. मग आपल्याला वेळ नाही, हे म्हणणे किती खरे मानायचे?

पालकहो, आता तुमच्याशी थोडे बोलतो. मुलाची वही म्हणजे दुसरे प्रगतिपुस्तक नव्हे. "शेजारच्याने तीस वाचली, तू बाराच?" असे विचारलेत की त्या दिवसापासून मूल पातळ पुस्तके शोधू लागेल आणि न वाचलेलीही लिहू लागेल. संख्येवर बक्षीस ठेवू नका. त्यापेक्षा रात्री जेवण झाल्यावर विचारा, "काय होते त्या पुस्तकात?" आणि पाच मिनिटे ऐका. ज्या मातापित्यांना वाचता येत नाही, त्यांनी संकोच करू नये. ऐकायला अक्षरओळख लागत नाही. आई भाकरी थापता-थापता ऐकत असेल, तर मुलगी तिला पुस्तक सांगेल; आणि जे आईला समजावून सांगता आले ते मुलीला खरोखर कळले, यात शंका नको. वहीतली दोन वाक्ये अशीच तयार होतात.

मुलींविषयी मला विशेष सांगायचे आहे. आपल्याकडे अजूनही कितीतरी मुलींची शाळा दहावी-बारावीनंतर थांबते. कोणाचे लग्न होते, कोणाच्या गावापासून कॉलेज दूर असते, कोणाच्या घरी धाकटी भावंडे सांभाळायची असतात. शाळा थांबू नये हे तर खरेच, आणि त्यासाठीच ही संस्था झटत आहे. पण शाळा थांबली तरी वही थांबवण्याचा अधिकार कोणालाही नाही. मुलीच्या सामानात भांडीकुंडी आणि कपडे बांधता, त्यांत तिची वहीही बांधा. सासरच्या गावी वाचनालय असेल तर तिच्या नावाचे कार्ड काढून द्या. महाराष्ट्रात वाचनालयांची परंपरा जुनी आहे. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ पासूनचे आहे; ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मध्ये आणि मुंबईचे १८९८ मध्ये स्थापन झाले. सार्वजनिक ग्रंथालयांसाठी आपल्या राज्यात १९६७ सालचा कायदा आहे. ही दारे उघडी आहेत. आपल्या घरातली किती माणसे त्यांतून आत गेली, हा प्रश्न आपण स्वतःला विचारायचा आहे.

जी मुले शिक्षण संपवून आखातात किंवा मुंबईला नोकरीला जातील, त्यांनाही हेच सांगणे. खोलीवर आठ जण असाल, दमून याल. पण महिन्याला एक ओळ वहीत पडू द्या. मोबाईलवर नोंद ठेवायची तर जरूर ठेवा. मात्र मोबाईल बदलला की नोंदी हरवतात, म्हणून वर्षातून एकदा त्या वहीत उतरवून काढा.

शेवटी शिक्षकांना आणि संस्थेला एक विनंती. डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. पुस्तके वापरासाठी असतात आणि प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळाले पाहिजे, ही त्यांतली पहिली दोन. कुलूपबंद कपाटात ही दोन्ही सूत्रे मोडतात. वाचनालयाच्या रजिस्टरवरून कोणते पुस्तक कोणी नेले एवढेच कळते; त्याने ते वाचले का, हे कळत नाही. ते मुलांच्या वहीतच असणार. त्या वह्या तपासायला मागू नका. त्याऐवजी प्रत्येक शिक्षकाने स्वतःच्या आवडत्या दहा पुस्तकांची यादी सूचनाफलकावर लावावी. सर स्वतः काय वाचतात, हे मुलांना दिसू द्या. आणि पुढील वर्षीच्या स्मरणिकेत गुणवंतांच्या यादीशेजारी दोन पाने मुलांच्या आवडत्या पुस्तकांसाठी राखून ठेवावीत. ज्याला साठ टक्केही मिळाले नाहीत, त्या मुलाचेही नाव त्या पानावर येऊ शकेल.

मित्रहो, उद्या सकाळी वही घ्या. पहिल्या पानावर आपले नाव आणि तारीख घाला. मागचे आठवेल तेवढे लिहा, आठवणार नाही ते सोडून द्या, आणि सध्या हातात असलेल्या पुस्तकापासून नोंद सुरू करा. हातात पुस्तक नसेल तर शाळेच्या वाचनालयात जा. तुमची वही भरत जावो, आणि ती पाहून तुमच्या घरात दुसरी वही सुरू होवो, अशी दुआ करतो आणि आपली रजा घेतो.

खुदा हाफिज.